मेट ऑफिसचा ग्रॅम्पियनचा अंदाज: चित्रं सोडा, वाक्यं वाचा

अ‍ॅबरडीनला, म्हणजे ईशान्य स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, नवीन आलेली मराठी मंडळी पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, हवामानासाठी कुठलं अ‍ॅप टाकू. माझं उत्तर ठरलेलं आहे, अ‍ॅप कुठलंही टाका पण मेट ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्याच्या, साइटवर जाऊन रीजनल फोरकास्टमध्ये 'ग्रॅम्पियन' (आपला हा भाग) निवडा आणि तिथल्या चार ओळी वाचा. फुकट आहे, लॉगिन नाही, काही नाही. आठ वर्षं झाली मला इथे, नवरा ऑफशोरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, दोन आठवडे रिगवर दोन आठवडे घरी, त्यामुळे आमच्या घरात हवामान म्हणजे टाइमपास गप्पांचा विषय नाही, हेलिकॉप्टर उडणार की नाही याच्यावर स्वयंपाक किती करायचा ते ठरतं.

आता नक्की काय मिळतं तिथे. वर एका ओळीत हेडलाइन, मग आज, आज रात्री, उद्या आणि शेवटी पुढच्या तीनेक दिवसांचा आउटलुक, बस. तो आउटलुक दोन-तीन वाक्यांचा असतो आणि त्यात वर्षातले निम्मे दिवस 'अनसेटल्ड' हा शब्द असतोच. माझी आजी याला आभाळाचा काही भरवसा नाही म्हणायची, तेच. सुरुवातीला मला वाटायचं हे लोक अंग चोरून लिहितायत, नक्की काय ते सांगत नाहीत, पण नंतर कळलं की शब्द मोजूनमापून वापरलेले असतात, आपल्याकडे हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ जास्तीत जास्त पाव भागात पाऊस असा ठरलेला असतो, तसंच. म्हणजे इथे 'शॉवर्स' म्हटलं की श्रावणसरी समजायच्या, येणार, भिजवणार, दहा मिनिटांत ऊन. 'रेन' म्हटलं की फ्रंट, म्हणजे पावसाचा लांबलचक पट्टा येतोय, तासन् तास रिपरिप. 'ड्रिझल' म्हणजे ती चष्म्यावर बसणारी भुरभुर, जिच्यासाठी छत्री काढायची लाज वाटते आणि न काढावी तर माणूस ओलाचिंब. आणि 'ब्राइट' म्हणजे ऊन नव्हे! फक्त उजेड. हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाऱ्याची दिशा. अ‍ॅपमध्ये तो बारका बाण असतो त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण या किनाऱ्यावर सगळा खेळ त्याचाच आहे. पश्चिमेचा वारा असेल तर तो आधी डोंगरांवर पाऊस सांडून येतो आणि आपल्याकडे कोरडा आणि जरा उबदार पोचतो, म्हणजे पश्चिम घाटाचं जे आहे तेच, फक्त इथे आपण देशावर आणि ग्लासगोवाले कोकणात. म्हणूनच अ‍ॅबरडीनला वर्षभरात साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत एवढा एकट्या जुलैत पडतो. गावी सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत, कारण व्हिडिओ कॉलवर बघावं तेव्हा आमच्या खिडकीबाहेर कुंद. पण वारा पूर्वेचा झाला की संपलं. नॉर्थ सी जूनमध्येसुद्धा १०-११ अंशांचा असतो, त्याच्यावरून उबदार हवा आली की खालून गार होते आणि धुकं तयार होतं, ते थेट शहरात. इथले लोक त्याला 'हार' म्हणतात. आपल्याकडे हार गळ्यात पडतो, इथे गावावर पडतो.

गेल्या जूनचीच गोष्ट. आई आली होती रत्नागिरीहून, रविवारी तिला डनॉटर किल्ला दाखवायचं ठरलं, स्टोनहेवनच्या पुढे, समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे तो. फोनसोबत जे अ‍ॅप आलेलं, नाव घेत नाही, त्यात पिवळाधम्मक सूर्य आणि १९ अंश. मी खूश, डबा भरला, आईने कॉटनची साडी आणि वरून पातळ स्वेटर. गाडी लावली तेव्हा ऊन होतं खरंच. कड्याकडे चालत निघालो तर समुद्रावर कोणी कापूस पिंजून ठेवल्यासारखी पांढरी पट्टी, आई म्हणे काय सुंदर, फोटो काढ. फोटो काढून वर बघते तर किल्ल्याचा खालचा भाग गायब, मग बुरूज, मग समोरची पायवाट. दहा मिनिटांत सगळं दुधात बुडवल्यासारखं. आईच्या स्वेटरच्या लोकरीवर बारीक बारीक थेंब, आणि ती शांतपणे, "अगं किल्ला इथेच होता ना?" पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आम्ही गाडीत बसून हीटर लावून खाल्ली. त्याच वेळी बँकोरीहून मैत्रिणीचा फोटो आला, मुलं हौदात पाणी उडवतायत, कडक ऊन. बँकोरी म्हणजे किनाऱ्यापासून आत, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर! घरी येऊन ग्रॅम्पियनचा अंदाज उघडला, त्यात सकाळीच लिहिलेलं होतं, आत सगळीकडे छान ऊन पण पूर्व किनाऱ्याला धुकं चिकटून राहील, वारा आग्नेयेचा. आता एका चित्रात सूर्य आणि हार दोन्ही कसे काढणार, वाक्यातच मावतं ते. चूक माझी, मी चित्र बघितलं.

दिशेचं किती महत्त्व असतं ते सगळ्यांनी २०२१ च्या नोव्हेंबरात बघितलंय, आर्वेन वादळात. २६ तारखेला वाऱ्यासाठी रेड वॉर्निंग होती, यलो, अँबर, रेड अशा चढत्या रंगांत रेड सगळ्यात गंभीर, ती क्वचितच देतात. झाडांची मुळं नेहमीच्या नैऋत्य वाऱ्याला सरावलेली आणि हा वारा आला उत्तरेकडून, त्यामुळे उभी जंगलं आडवी झाली, अ‍ॅबरडीनशरमधल्या कितीतरी गावांत काही दिवस वीज नव्हती. म्हणून म्हणते, वॉर्निंगचा नुसता रंग बघून सोडू नका, ती उघडली की किती शक्यता आणि किती नुकसान याचा एक चौकोनी तक्ता येतो, तो बघा. यलो सगळे सारखे नसतात.

कमी काय वाटतं ते पण सांगते. ग्रॅम्पियन हा भाग फार मोठा आहे, उत्तरेकडच्या मरे फर्थ खाडीचा किनारा, आतले डोंगर, आपलं शहर सगळं एकाच परिच्छेदात, त्यामुळे 'हिल स्नो' वाचून घाबरू नका, तो आपल्या दारात पडेलच असं नाही. तासातासाचं बघायचं तर अ‍ॅपच लागतं, आणि तिथे दुपारी दोनला ४० टक्के दिसलं तर त्याचा अर्थ त्या तासात तिथे पाऊस पडण्याची शक्यता ४० टक्के, पावसाचा जोर नव्हे, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. आणि महिनाभराचा लांबचा अंदाज असतो तो पूर्ण देशाचा आणि मोघम असतो, त्याच्यावर इंडियातून येणाऱ्या पाहुण्यांची तिकिटं काढू नका, जाकीट मात्र सगळ्यांना आणायला सांगा, मे असो की ऑगस्ट. छत्री नको, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात दोन दिवसांत तिच्या काड्या निघतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आईला साइट बुकमार्क करून दिली आहे, ती आता रत्नागिरीत बसून मला फोनवर आमचा वारा सांगते. उद्या वेस्टर्ली आहे म्हणे, दोन मशीन कपडे लावून टाकते.