पांढरकवड्याचा वायरिंगवाला आणि मीटरवरचं उणे चिन्ह

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. शाळा पांढरकवड्याहून 22 किलोमीटर, जाणं-येणं माझ्या 2006 च्या पेट्रोल गाडीनं. ऑगस्टपासून तिनं एक नाटक लावलं होतं. संध्याकाळी पावसात हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला एसी लावला की तापमानाचा काटा वर, चेक लाइट सुरू, आणि गाडी उभी केली की इंजिन अडखळायचं. लाइट बंद केले की काटा खाली. इंजिन असं दोन सेकंदांत गरम-थंड होत नाही, एवढं मलाही कळतं.

एका गॅरेजात (नाव नको) आधी सेन्सर बदलला, मग बॅटरी. 5,900 रुपये गेले, काटा तिथंच. मग म्हणाले, ईसीएम (इंजिन चालवणारा कंप्यूटर) गेला, 18,000 लागतील. अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी केबल, पाहिलं का विचारलं, तर मीटरच्या पिना लावून मला बीप ऐकवला: वाजला म्हणजे जोड ठीक.

शेवटी घाटंजी रस्त्यावरच्या वायरिंगवाल्याकडे गेले. बोर्डावरचं नाव उन्हानं उडालंय. टिनाच्या शेडपुढे दोन-तीन ट्रॅक्टर उभे दिसले की तेच दुकान. बीपची गोष्ट सांगितली तर तो हसलाच. "मॅडम, बीप तं एक तार शिल्लक असली तरी वाजते. लोड टाकून पाहा लागते."

त्यानं फ्यूल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे गाडी सुरू न होता सेल्फ फिरेल. पिवळा मीटर डीसी 20 व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडावर. "मारा सेल्फ." आकडा 1.31. चांगल्या अर्थिंगला 0.2 च्या आत थांबायला हवा. तीच लाल पिन बॉडीवर ठेवली, तर 0.06. म्हणजे बॉडी ठीक, इंजिनकडे जाणारी केबल खराब. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. 130 धरले तर 0.01 ओमच 1.3 व्होल्ट खातो. बीपला ते कुठून दिसणार!

मग फ्यूज लावून गाडी सुरू केली, लाइट आणि एसी चालू. काळी पिन तिथंच, लाल परत इंजिनवर, पण आकडा उणे 0.38. मी लगेच विचारलं, उणे कसं? "सेल्फ मारता तवा करंट इंजिनातून बॅटरीकडे वापस येते. गाडी चालू झाली का करंट देते अल्टरनेटर, अन् थो बसला इंजिनवर. मंग उलटं इंजिनकडे जाते." सातवीला उणे संख्या शिकवताना मी आजवर उधारीचंच उदाहरण देत आले. माझ्या गाडीत काट्याचा सेन्सर इंजिनच्या लोखंडावरच अर्थ होतो, त्यामुळे इंजिनचं शून्य सरकलं की काटाही सरकतो. ईसीएमची अर्थही तिथंच नटाखाली. बाकीचे सेन्सर 5 व्होल्टच्या हिशोबात बोलतात, तिथं एवढी गडबड किरकोळ नाही.

त्या केबलचा गिअरबॉक्सवरचा नट खोलला. वरून काळा टेप, आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा. त्यानं नवी जाड केबल कापली, टोकाला लग (नटाखाली बसणारी कडी) दाबून बसवला, लोखंड पॉलिश पेपरनं घासलं, दातेरी वायसर टाकून नट कसला आणि मग वरून ग्रीस लावलं. ग्रीस आधी का नाही, हेही सांगितलं: आधी लोखंडाले लोखंड भिडलं पाहिजे. पुन्हा सेल्फ: 0.11. लाइट लावले, काटा हलला नाही. ईसीएमची अर्थ वेगळी तपासली, 0.03. केबल आणि मजुरी मिळून 650.

आता तक्रारी. बसायला जुन्या बॅटरीचं खोकं, तेही माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाकडे. अडीच तास थांबले. बिल मिळत नाही, फोन उचलत नाही, एसीचं काम घेत नाही. बॅटरी काढल्यानं घड्याळ शून्यावर गेलं, ते मलाच लावावं लागलं. पाच स्टारांतला एक त्यासाठी कापला, चार दिले.

जायचं तर सकाळी 10 ला पोचा आणि जुना पार्ट मागून घ्या, तो स्वतःहून देत नाही. माझी हिरवी केबल सध्या शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटात आहे.