पाठिंब्याच्या पत्रावर सही करायचीये, पण अभयारण्याला की बफरला?

जंगलाची हद्द वाढणार अशी कुणकुण लागली की आधी ग्रामपंचायतीत गर्दी होते, आणि मग आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी एक कागद घेऊन ढाबेवाला, होमस्टेवाला, सफारीचा जिप्सीवाला, किराणावाला असं सगळ्यांकडे फिरायला लागतं की बाबांनो, स्थानिक व्यावसायिकांचा पाठिंबा आहे असं लिहून द्या. मी हा कागद दोनदा हातात घेतलाय आणि दोन्ही वेळा सही केलीये, एकदा अभयारण्यासाठी आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावात व्याघ्र प्रकल्पाच्या बफरसाठी. हद्द वाढावी की नाही यावर माझं मत सरळ आहे, वाढावी. जंगल आहे म्हणून आमच्या खोल्या भरतात, नाहीतर चाळीस-बेचाळीसच्या उन्हात आमच्या गावात कोण येणार होतं? प्रश्न एवढाच की वाढ कुठल्या प्रकारची मागायची, कारण पत्रात एक शब्द बदलला की पुढची वीस वर्षं बदलतात.

कोअर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा आतला, कडक संरक्षणाचा भाग आणि बफर म्हणजे त्याच्या भोवतीचा, गावं-शेती धरून असलेला पट्टा, एवढं धरून चला. फक्त एक सांगतो, हद्द एकदा ठरली की कायमची ठरली असं ज्यांना वाटतं त्यांनी ताडोबाकडे बघावं. १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं ते फक्त ११६ चौरस किलोमीटरचं होतं, मग १९८६ ला शेजारी अंधारी अभयारण्य आलं, १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१० ला भोवती ११०० चौरस किलोमीटरचं बफर जाहीर झालं, म्हणजे मूळ उद्यानाच्या नऊपटीहून जास्त. तेव्हा गावागावात केवढी भीती होती, सरपण बंद होणार, गुरं बंद होणार, गाव उठवणार. आज त्याच बफरमधली अलिझंझा, मदनापूर, जुनोना, आगरझरी ही नावं पुण्या-मुंबईच्या लोकांना पाठ आहेत आणि सुट्ट्यांत बुकिंग मिळत नाही.

आता अभयारण्याचा अनुभव. पूर्व विदर्भातल्या एका अभयारण्याच्या गेटाजवळ मी आणि माझ्या मावसभावाने चार खोल्या आणि एक खानावळ टाकली होती, जागेचं नाव नको. अभयारण्याची जमेची बाजू मोठी आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. एक म्हणजे नाव. बोर्डवर अभयारण्य लिहिलं की नागपूरचं कुटुंब शनिवारी गाडी काढून येतं, त्याला समजावून सांगावं लागत नाही. दुसरं म्हणजे खाणीपासून बचाव. आमच्या चंद्रपूर पट्ट्यात जंगलाच्या खाली कोळसा आहे हे विसरून चालत नाही. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या मधल्या वाघांच्या वाटेवर चिमूरकडचा 'बंदर' नावाचा कोळसा ब्लॉक येतो, तो २०२० मध्ये लिलावाच्या यादीत आला होता आणि बऱ्याच आरडाओरडीनंतर यादीतून निघाला. त्या महिन्यांत आमच्याकडे चहा प्यायला आलेला प्रत्येक माणूस त्याच विषयावर बोलायचा. अभयारण्याच्या आत आणि हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाण नको हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्येही कायम ठेवलंय, बफरला तेव्हा एवढं पक्कं कवच नव्हतं. तर तुमच्या गावाजवळ खाणीची टांगती तलवार असेल तर पुढचं काही वाचू नका, अभयारण्याच्या पत्रावर सही करून मोकळे व्हा.

ती नसेल तर मात्र थांबा, कारण मला ज्या गोष्टीने हैराण केलं ती कागदावर कुठे दिसत नाही.

पावसाळ्याचे तीन महिने. आपल्याकडे साधारण १ जुलैला गेट बंद होतं ते ऑक्टोबर लागला की उघडतं, आणि ते बरोबरच आहे, जंगलालाही श्वास घेऊ द्यायला पाहिजे, रस्ते चिखलात जातात, जनावरांचा तो वेगळा काळ असतो, याबद्दल माझी तक्रार नाहीच. पैशाचीही तक्रार नाही, नऊ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं हा हिशोब शेतकऱ्याच्या पोराला कळतो. त्रास होता माणसांचा. आमच्याकडे स्वयंपाकाला एक काकू होत्या, त्यांच्या हातचा पाटोडी रस्सा खायला लोक सफारी नसली तरी यायचे. पहिल्या वर्षी जूनच्या शेवटी त्यांना म्हटलं, ऑक्टोबरला भेटू. त्या म्हणाल्या हो. ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलाने त्यांना नागपूरला एका मेसमध्ये लावून दिलं आणि त्या परत आल्याच नाहीत, आणि का याव्यात, तिथे बारा महिने पगार होता. पाहुण्यांशी नीट बोलणारा, पक्षी ओळखायला शिकलेला एक पोरगा होता, दोन सिझन घासून तयार केलेला, तो असाच चाकणला कंपनीत गेला. मग दरवर्षी ऑक्टोबरला आम्ही नव्याने सुरुवात करायचो, गाद्या उन्हात टाकायच्या, भिंतीची बुरशी घासायची, ती होते एका दिवसात, पण माणूस तयार व्हायला दिवाळी जाते आणि दिवाळीतच तर खरी गर्दी असते. चार वर्षांत आमच्या खानावळीची चव चार वेळा बदलली. जुने गिऱ्हाईक ताट पुढे आलं की एक घास खाऊन विचारायचे, काकू नाहीत का हो? हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की शेवटी त्यानेच माझा निर्णय झाला.

त्यात एकाच वाघावर गाव उभं राहण्याचा धोका असतो तो वेगळाच. जय नावाचा वाघ नागझिऱ्याहून शंभरेक किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडलाला आला आणि त्या २०१२ मध्ये जाहीर झालेल्या छोट्या अभयारण्याचं नाव देशभर झालं, आणि २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला तेव्हा पर्यटकही पांगले. लहान अभयारण्य असेल तर हे कुठेही होऊ शकतं.

बफरच्या गावात मी आता आहे. इथली बरीच गेटं पाऊस बघून पावसाळ्यातही चालू राहतात. गर्दी नसते हो, खोटं सांगणार नाही, ऑगस्टच्या एखाद्या सकाळी दोन जिप्स्या निघाल्या तरी खूप. पण दोन जिप्स्या म्हणजे आठ-दहा माणसं, चिखलाने माखून साडेदहाला परत येतात, बहुतेकांना वाघ दिसलेला नसतो, गवा दिसलेला असतो, नाहीतर कोळ्यांची जाळी आणि सागाच्या पानावरून पडणारं पाणी याचेच फोटो काढलेले असतात, आणि मग ती माणसं गरम भाकरी आणि झुणक्यावर तुटून पडतात. चूल पेटलेली राहते. पगार थोडा कमी का होईना पण चालू राहतो, आणि आमच्याकडे स्वयंपाकाला जी ताई पहिल्या दिवशी आली तीच आजही आहे. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे, तुमचा हिशोब वेगळा असू शकतो.

बफरमध्ये गावाच्या हातात जास्त राहतं असंही माझं निरीक्षण आहे. कायद्यातच बफरचा उद्देश माणूस आणि वन्यप्राणी यांनी सोबत राहणं असा लिहिलाय आणि हद्द ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत करायला सांगितलंय. अभयारण्यात लोकांचे हक्क काय आणि कुणाचे याची चौकशी कलेक्टरकडे चालते, दावे टाकावे लागतात, त्याला वेळ लागतो, आणि राष्ट्रीय उद्यान म्हटलं की गुरं चारणं बंदच. ज्याच्या दुकानात गुरांसाठीची ढेप आणि दोरखंड विकली जातात त्याने हे ध्यानात घ्यावं, गुरं कमी झाली की त्याचं गिऱ्हाईक कमी होतं. इमारतीचं मात्र दोन्हीकडे बघून घ्या. उद्यान-अभयारण्याच्या भोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, असतो आणि त्यात हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्टला सहसा परवानगी मिळत नाही, त्यामुळे खोल्या वाढवायच्या असतील तर हद्द नेमकी कुठे येतेय हे आधी बघायचं.

आता बफरची वाईट बाजू, आणि ती लहान नाही. इथे वाघ आणि माणूस एकाच पायवाटेने चालतात. एप्रिल-मे मध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाया वाकलेल्या असतात आणि त्याच वेळी घात होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या खोल्यांच्या मागे, हाकेच्या अंतरावर, शेजाऱ्यांची गाभण गाय वाघाने नेली. सकाळी पाहुणे उत्साहाने पगमार्कचे फोटो काढत होते आणि शेजारच्या आजी गोठ्यात रिकामं दावं हातात घेऊन बसल्या होत्या. मी पाहुण्यांना कॅमेरे खाली ठेवायला सांगितले आणि पंचनाम्यासाठी फोन लावला. भरपाई मिळाली, पण त्या दिवशी कळलं की बफरला पाठिंबा देणाऱ्या व्यावसायिकाने अशा वेळी त्या घरी जाऊन बसायला पाहिजे, कारण सही आपण केलेली असते आणि गाय त्यांची गेलेली असते. ज्याला हे जमणार नसेल त्याने बफरच्या पत्रावर सही करू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कोकण-कोल्हापूरकडचे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. बफर व्याघ्र प्रकल्पालाच असतं, सगळीकडे मागता येत नाही. तुमच्याकडे २०२० पासून तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड अशी कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्रं झाली, तो मधला मार्ग आहे. ते सरकारी जमिनीवर होतं, स्थानिकांशी बोलून होतं, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. आंबोलीचा तर सगळा सिझनच पावसाळ्याचा, धबधब्याखालचे भजी-मक्यावाले जुलै-ऑगस्टमध्येच वर्षाचं कमावतात, तिथे आमच्यासारखं तीन महिन्यांचं कुलूप लागलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही. मी तिथे धंदा केलेला नाही, पण असतो तर डोळे झाकून याच्याच बाजूने गेलो असतो.

तर खाणीचं संकट असेल तर अभयारण्य, नसेल आणि शेजारी व्याघ्र प्रकल्प असेल तर माझा कल बफरकडे. आणि कुठल्याही पत्रावर नुसतं 'आमचा पाठिंबा आहे' एवढ्यावर सही करू नका. आम्ही दुसऱ्या वेळी पत्रात तीन ओळी हाताने वाढवल्या होत्या: गेट आमच्या गावाच्या बाजूने द्यावं, जिप्सी आणि गाईड याच गावांतले घ्यावेत, आणि पावसाळ्यात एक तरी रूट चालू ठेवावा. पहिल्या दोन पूर्ण झाल्या, तिसरीसाठी दोनदा जाऊन बसावं लागलं. सोबत नकाशाची प्रत मागा आणि आपला गट नंबर हद्दीच्या कुठल्या बाजूला येतो ते तलाठ्याकडून बघून घ्या, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी.