स्लीप स्टडी: आधी घरी, मग कोल्हापूरला. खर्च, रिपोर्ट आणि बोटावरचा तो प्रोब

मालवणच्या माझ्या नणंदेची मागच्या आठवड्यात घरी स्लीप स्टडी झाली, म्हणजे झोपेत श्वास अडकतो का ते बघणारी रात्रभराची टेस्ट. दुसऱ्या दिवशी तिला फोन आला, "डेटा अपुरा आलाय, परत करावी लागेल, अर्धे पैसे भरा." गेल्या वर्षी मला जवळजवळ याच शब्दांत फोन आला होता. कारणही तेच, बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब रात्री निसटला. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. दोन शब्द आधीच सांगते: एएचआय म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास बंद पडतो किंवा उथळ होतो तो आकडा, आणि सीपॅप म्हणजे झोपताना मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास मोकळा ठेवणारं मशीन.

मी देवगड तालुक्यातली, वय ५३, शाळेत शिकवते. दोन वर्षं सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारच्या तासाला डोळे मिटायचे, रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं. हिमोग्लोबिन झालं, थायरॉइड झालं, सगळं ठीक. बीपीची एक गोळी होती तिच्या दोन झाल्या. 'पाळी गेल्यावर असं होतंच' हे ऐकून ऐकून कंटाळले होते. शेवटी यजमानच म्हणाले, "गो, मधीच तुझो श्वास बंद पडता." मी काही ढगफुटीसारखी घोरत नाही, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी ते आठ प्रश्न विचारले, स्टॉप-बँगचे, झोपेत श्वास अडकण्याची शक्यता किती ते बघणारे. त्यात एक गुण पुरुष असण्याचाच आहे, म्हणजे बाईमाणसाची सुरुवातच एक गुण कमी. माझे तीन आले. तरी बीपी बघून ते म्हणाले, करून घ्या.

करून घ्या म्हणजे कुठे, हे मात्र कुणी सांगेना. देवगड, कणकवली, कुडाळ, सगळीकडे फोन केले. कान-नाक-घसावाले छातीच्या डॉक्टरांकडे पाठवतात, छातीचे डॉक्टर 'एक माणूस येतो बाहेरून, त्याचा नंबर देतो' म्हणतात. त्या माणसाला टेस्टचे किती विचारलं तर तो उलट विचारतो, "मशीन घ्यायचंय का?" हा प्रश्न लक्षात ठेवा, त्यावर पुढे येते. शेवटी ६,५०० ठरले, आगाऊ.

संध्याकाळी एक मुलगा डबा घेऊन आला. छातीला पट्टा, त्यावर छोटं यंत्र, नाकात नळी, तर्जनीला मऊ रबरी टोपीसारखा प्रोब. पाच मिनिटांत लावून दाखवलं आणि पुढच्या घरी गेला. मे महिन्याची रात्र, त्यात मध्यरात्रीनंतर लाइट गेली. पंखा बंद, अंग घामाने निथळत होतं. सकाळी प्रोब चादरीच्या घडीत सापडला. तो कधी निसटला ते रिपोर्टमध्ये स्पष्ट दिसतं: पावणेतीनपर्यंत ऑक्सिजनची रेघ वरखाली, नंतर काहीच नाही.

आता हे एवढं का महत्त्वाचं? घरच्या टेस्टमध्ये श्वास पूर्ण बंद पडला तर नळीवरून कळतं, पण श्वास नुसता उथळ झाला तर तो मोजायला ऑक्सिजन ३ किंवा ४ टक्के खाली गेल्याचा पुरावा लागतो. प्रोब नाही तर तो पुरावा नाही, आणि बायकांमध्ये असे अर्धवट अडकलेले श्वासच जास्त असतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नळी आणि ऑक्सिजन दोन्हींचा किमान ४ तासांचा चांगला डेटा हवा असं आहे. माझा तेवढा भरला नाही. थोडक्यात, ६,५०० रुपयांच्या टेस्टचं नशीब त्या रबरी टोपीवर अवलंबून, आणि ती टोपी जागेवर राहावी म्हणून लागते बोटभर चिकटपट्टी. ती डब्यात नव्हती!

मला ३,२५० मागितले. मी डबा परत द्यायच्या आधी आतला माहितीचा कागद काढून वाचला होता. त्यातल्या चित्रात बोटावर पट्टी लावलेली स्पष्ट दाखवली आहे. त्याचा फोटो काढला, शेजारी आमच्या डब्यातल्या सगळ्या वस्तू मांडून त्यांचाही फोटो काढला, आणि दोन्ही व्हॉट्सअॅपवर पाठवले. खाली लिहिलं, 'यातली पट्टी कुठे आहे?' दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन करवला, तेव्हा पुन्हा फुकट करून द्यायला तयार झाले. मी भांडले नसते तर ते पैसे गेलेच होते. कितीतरी लोक मुकाट्याने भरत असतील याचा मला खरोखर राग येतो.

दुसऱ्या खेपेला पुतण्याच्या बायकोने प्रोब लावला. ती ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. तिची पद्धत अशी: डाव्या हाताचं बोट, नखाला पॉलिश नको, बोट साबणाने धुऊन कोरडं करायचं. मायक्रोपोर टेप बोटाभोवती गोल करकचून गुंडाळायची नाही, रक्त अडतं आणि आकडे चुकतात. टेप बोटाच्या लांबीने, प्रोबच्या वरून तळहाताकडे. मग वायरला थोडा झोल ठेवून मनगटावर दुसरी पट्टी, म्हणजे कूस बदलली तरी ओढ मनगटावर येते, बोटावर नाही. सकाळपर्यंत हलला नाही. टेपचा रोल औषधाच्या दुकानात अगदी किरकोळ पैशात मिळतो. टेस्ट करणार असाल तर कुणी देईल याची वाट न बघता आधीच आणून ठेवा.

रिपोर्ट आला: एएचआय ११, म्हणजे सौम्य. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तो माणूस लगेच मशीनचा दर सांगायला लागला. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "त्या रात्री झोप किती लागली?" जेमतेम पाच तास. ते म्हणाले, हे यंत्र मेंदूच्या लहरी बघत नाही, तुम्ही जाग्या की झोपलेल्या हे त्याला कळत नाही. ते भागाकार रेकॉर्डिंगच्या तासांनी करतं. आठ तासांत ८८ वेळा म्हणून ११. तेच ८८ पाचाने भागा, १७.६ येतात. सौम्य आणि मध्यम यांच्यातला फरक नुसत्या भागाकाराने पडतो.

इथपर्यंतचा अनुभव धरून मी सगळ्यांना सांगत होते की घरची टेस्ट घेऊच नका. ते मत आता तसं राहिलेलं नाही. माझे दीर, वजन बऱ्यापैकी, घोरणं ओसरीपर्यंत ऐकू येणारं, त्यांनी त्याच माणसाकडून घरी टेस्ट केली (टेप आमच्याकडून गेली), एएचआय थेट ४० च्या पुढे. त्यांना लॅबची गरजच नव्हती, घाट चढण्याचा खर्च आणि दगदग वाचली. ज्याची लक्षणं ढळढळीत आहेत त्याला घरची टेस्ट पुरते. माझ्यासारखी झोप तुटक असेल, घोरणं कमी, थकवा जास्त, आणि घरचा आकडा कमी आला, तर तिथे थांबू नका. त्याच २०१७ च्या सूचनांत तेच आहे: घरची टेस्ट निगेटिव्ह किंवा अपुरी आली तर लॅबमध्ये पूर्ण पॉलिसोमनोग्राफी (मेंदूच्या लहरींसकट रात्रभराची झोपेची टेस्ट) करावी.

म्हणून कोल्हापूर. तळेरे, वैभववाडी, गगनबावडा अशी एसटी, माझं अर्धं तिकीट, यजमानांचं पूर्ण. लॅबचे १६,०००, तपासणीचे ८०० वेगळे. फोनवर सांगितलं होतं, डोक्याला तेल न लावता, केस धुऊन या. हे आपल्याकडच्या बायकांनी खास लक्षात ठेवावं, कारण खोबरेल असलं की डोक्यावरचे इलेक्ट्रोड धरत नाहीत. तंत्रज्ञ मुलीने मोजपट्टीने डोकं मोजून पेन्सिलीने खुणा केल्या, एकेक वायर पेस्टने चिकटवली, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायाला. पुढून बटणं असलेला गाऊन न्या. आणि बोटाचा प्रोब? तिने तो लावला आणि मी सांगायच्या आत वर टेप लावली. रात्री तो जरा सैल झाला तर ती येऊन नीट करून गेली. १६,००० मधले बरेचसे या रात्रभर जागणाऱ्या माणसाचे आहेत असं माझं ठाम मत आहे.

एएचआय २३, आणि स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, ४७. ऑक्सिजन ७९ पर्यंत उतरलेला. रेम पहाटेकडे जास्त असते. पहिल्या घरच्या टेस्टमध्ये प्रोब पावणेतीनला निसटला, म्हणजे नेमकी हीच वेळ हातची गेली होती.

मेडिक्लेममधून छदाम मिळाला नाही. नुसत्या तपासणीसाठी रात्रभर राहिलं तर ते पॉलिसीतल्या 'तपासणी आणि मूल्यमापन' या अपवादात जातं, कोड ०४. एक रात्र अॅडमिट दाखवू का, असं सुचवणारेही भेटतात. त्या भानगडीत पडू नका. पैसे भरण्याआधी लॅबला एवढं विचाराच की पूर्ण रिपोर्ट आलेखांसकट मिळेल की एका पानाचा सारांश. मी आलेखांसकट घेतला, त्यामुळे पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना नव्याने काही करावं लागलं नाही.

मशीन टेस्टवाल्याकडून घेतलं नाही. 'टेस्टचे पैसे मशीनमध्ये वळते करू' हे ऐकायला बरं वाटतं, पण ज्याला मशीन खपवायचंय त्यानेच टेस्ट करून आकडा सांगणं मला पटत नाही. आधी महिनाभर ४,५०० भाड्याने ऑटो सीपॅप (हवेचा दाब आपोआप कमीजास्त करणारं) घेतलं, सोसतंय हे बघून मग विकत. गेल्या पावसाच्या आधीपासून रोज लावते. मास्कची सवय व्हायला वेळ लागला, नाकाच्या हाडावर लाल वळ उठायचा, एक माप लहान घेतल्यावर थांबला. रात्रीचं उठणं जवळजवळ गेलं. बीपीची दुसरी गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे.

पावसात लाइट जाते त्याचं काय, हे सगळे विचारतात. वीज खातो तो पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर, मशीन स्वतः फार कमी घेतं. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतच एवढा दमटपणा असतो की मी तो बंदच ठेवते, आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन सकाळपर्यंत चालतं. थंडीत नाक कोरडं पडायला लागलं की पुन्हा चालू करते, डिस्टिल्ड पाणी घालून. विहिरीचं घालू नका, टाकीत क्षार धरतात.