दापोलीची ग्रंथपेटी : ‘आर्य कुठून आले?’ चार आठवडे घरी ठेवून वाचली, त्याबद्दल

आमच्याकडे पेटी म्हटली की आंब्याची. रिक्षावाल्याने ओटीवर पेटी आणून ठेवली तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, “ऐन श्रावणात कसली गो पेटी?” लाकडी पेटी आंब्याचीच होती, फक्त आतून प्लास्टिक लावलेलं. आत सात पुस्तकं, जाड फायलीत झेरॉक्स केलेले लेख, वाचकांनी आपलं म्हणणं लिहायची दोनशे पानी वही आणि कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला.

दापोलीतलं एक छोटं वाचनालय ही सेवा चालवतं. अनामत पाचशे रुपये, एका पेटीचे दोनशे. चार आठवडे ठेवायची आणि मग यादीतल्या पुढच्या वाचकाकडे धाडायची. आम्हा आंजर्ले, हर्णै, मुरूडकडच्या लोकांना दर वेळी दापोली गाठावी लागत नाही, पावसाळ्यात तर हे फार मोठं काम आहे. पेट्या विषयवार लावलेल्या असतात. मी मुद्दाम ही ‘आर्य कुठून आले?’चीच मागितली.

मुद्दाम अशासाठी, की मी तीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. दरवर्षी फळ्यावर नकाशा काढायचा आणि पांढऱ्या खडूने वायव्येकडून खैबर खिंडीतून खाली पंजाबपर्यंत एक जाड बाण ओढायचा. ‘आर्य आले.’ एका वर्षी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, बायका पण आल्या का?” मी म्हणाले, पुस्तकात दिलेलं नाही, पुढे चल. ती खाली बसली. तो प्रश्न मला अजून टोचतो.

पेटीची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे लावणी. पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवलेले आहेत आणि ती त्याच क्रमाने वाचायची. क्रम प्रकाशनाच्या सालाचा. त्यामुळे शेवटचा निकाल हातात पडत नाही, भांडण पहिल्यापासून ऐकायला मिळतं. फायलीतला पहिला कागद विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशाच्या १७८६ सालच्या कोलकात्यातल्या भाषणाचा आहे: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचा उगम एकच असावा. म्हणजे प्रश्न जन्मला भाषेतून. उत्तर मात्र पुढची दोन शतकं जमिनीतून खणून काढायचा प्रयत्न झाला. सगळा गुंता इथेच आहे, कारण मडकं बोलत नाही.

एक नंबरचं पुस्तक टिळकांचं, १९०३ चं. रत्नागिरीत जन्मलेला माणूस वेदांतल्या लांबत जाणाऱ्या उषेच्या, म्हणजे ध्रुवाजवळ दिसते तशा लांबलचक पहाटेच्या, वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडतो. आज हे मत पुरातत्त्वात कोणी धरत नाही, तरी पुस्तक पेटीत ठेवलंय हे मला योग्य वाटलं. त्यांनी पुरावा कसा लावला ते नीट दिसतं, आणि चुकीच्या जागी पोचलेला मोठा माणूसही अभ्यासण्यासारखा असतो.

दुसरं गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाचं, १९२६ चं. त्यांनी बोट ठेवलं दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांवर, ज्याला स्टेप म्हणतात. त्यांच्या आधी जर्मनीत गुस्ताफ कोसिना सांगत होते की ज्या प्रदेशात एकाच पद्धतीची भांडी-हत्यारं सापडतात तिथे एकच लोक राहत होते, आणि मूळ आर्य उत्तर युरोपातले. कोसिना १९३१ मध्ये वारले. त्यानंतर नाझींनी त्या विचाराचं काय केलं ते जगाला माहीत आहे. चाइल्ड यांनी स्वतः पुढे हा विषय जवळपास सोडून दिला. वहीत कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय : ‘एका खापराने किती माणसं मारावीत.’ त्या ओळीशी मी बराच वेळ थांबले.

मग आपल्याकडची गोष्ट. मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असताना १९४६ मध्ये त्यांनी हडप्प्याला उत्खनन केलं. तटबंदी सापडली. ऋग्वेदातला इंद्र पुरंदर, म्हणजे पुरं फोडणारा. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत आधीच सापडलेले सांगाडे होतेच. दोन्ही जोडून व्हीलर यांनी लिहिलं की परिस्थितिजन्य पुराव्यावरून इंद्र आरोपी ठरतो. हे वाक्य मी वर्गात किती रंगवून सांगितलं असेल! फायलीत लगेच पुढे जॉर्ज डेल्स यांचा १९६४ चा लेख आहे. ते सरळ विचारतात की कत्तल झाली म्हणता, तर जळालेला किल्ला कुठे, हत्यारं कुठे, आणि हे सगळे सांगाडे एकाच काळातले आहेत कशावरून? पुढे केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, तर घातपाताच्या खुणा अगदीच थोड्या निघाल्या. म्हणजे मी शिकवायला लागण्याच्या आधीच ही कत्तल खोडली गेली होती आणि माझ्यापर्यंत ती बातमी आलीच नव्हती. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांची मी यासाठी मनापासून माफी मागते.

तिसरं पुस्तक कॉलिन रेन्फ्र्यू यांचं, १९८७ चं. सगळ्यात गोड भाषा याची. त्याआधीची वीसेक वर्षं ब्रिटन-अमेरिकेच्या पुरातत्त्वात ‘स्थलांतर’ हा शब्दच जुनाट ठरला होता. मडकी बदलली म्हणजे माणसं बदलली असं नव्हे, असं म्हटलं जाई. रेन्फ्र्यू म्हणतात, घोडेस्वारांची धाड कशाला हवी? आजच्या तुर्कस्तानातून नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकरी हळूहळू पांगले, शेताला शेत लागत गेलं आणि त्यांच्याबरोबर भाषाही. आम्ही भातशेतीवाले, मला हे लगेच पटलं. मुलगा वेगळा निघतो, वरकस जमीन फोडतो, घर बांधतो, बोली तीच राहते.

पण पाचव्या क्रमांकाच्या डेव्हिड अँथनी यांनी (२००७) मला परत स्टेपकडे वळवलं, आणि तेही बैलगाडीने. आपण चाक म्हणतो, संस्कृतात चक्र, ग्रीकमध्ये कुक्लोस, इंग्रजीत व्हील; मूळ एकच. गाडीचा आस म्हणजे अक्ष, इंग्रजीत अ‍ॅक्सल. जू म्हणजे युग, इंग्रजीत योक. आमच्या वडिलांच्या गाडीचे सगळे सुटे भाग! आता गाडीची नावं जर या सगळ्या बहिणी-भाषांकडे सारखी आहेत, तर गाडी आल्यावरच त्या वेगळ्या झाल्या असणार. आणि चाकाचा पुरावा इसवी सनापूर्वी ३५०० च्या मागे फारसा जात नाही. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे साधारण त्याच काळातलं, चार चाकांच्या गाडीचं चित्र कोरलेलं मडकं सापडलंय. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांकडे गाडीच नव्हती, मग शब्द कुठून येणार? रेन्फ्र्यूंच्या बाजूचे म्हणतात, शब्द नंतर उसनेही घेता येतात. तरी तिन्ही उसने, आणि प्रत्येक भाषेत आपापल्या उच्चारात असे बेमालूम मुरलेले? मला पटलं नाही.

इथे पेटीतली सगळ्यात मोठी उणीव. मारिया गिंबुटास यांचं स्वतःचं एकही पान नाही. लिथुआनियात जन्मलेली ही बाई १९४४ मध्ये युद्धात देश सोडून पळाली, अमेरिकेत गेली आणि १९५६ मध्ये तिने मांडलं की स्टेपवर कुर्गान, म्हणजे मातीचे उंचवटे घालून मृतांना पुरणारे पशुपालक, तेच या भाषांचे मूळ लोक. चाळीस वर्षं तिच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि तिचं म्हणणं तिच्या तोंडून ऐकायचं नाही, हे बरोबर नाही. वाचनालयाने ते मिळवावंच. शिवाय चौथ्या, म्हणजे मॅलरी यांच्या पुस्तकातली मधली वीसएक पानं सुटून गेलीत. आणि इंग्रजीचा भार फार आहे. मराठी दोनच पुस्तकं, तीही सिंधू संस्कृतीची साधी ओळख करून देणारी. माझ्यासारखीला शब्दकोश घेऊन बसता येतं, सगळ्यांना नाही येणार.

फायलीचा शेवट २०१५ नंतरचा, तो मी दोनदा वाचला. जुन्या हाडांतून डीएनए काढता यायला लागला. २०१५ च्या शोधनिबंधात दिसलं की मध्य युरोपातल्या दोरीच्या ठशांची मडकी करणाऱ्या लोकांचा तीनचतुर्थांश वारसा स्टेपवरच्या यमनाया नावाच्या पशुपालक लोकांशी जुळतो. ज्या स्थलांतराला एक पिढी नाकं मुरडत होती ते दारात उभं. २०१७ मध्ये शिकागोला गिंबुटास यांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानात रेन्फ्र्यूंनी स्वतः मान्य केलं की स्टेपवरून झालेल्या स्थलांतराबद्दल तिचं म्हणणं खरं ठरलं. तीस वर्षांपूर्वी ज्या मताला खोडायला पुस्तक लिहिलं, त्याच्यासाठी उभं राहून बोलायचं! ती १९९४ मध्येच गेली होती, तिने हे ऐकायला हवं होतं.

त्याच वर्षी फोल्कर हाइड या पुरातत्त्वज्ञाने इशाराही दिला की सावध राहा, नाहीतर कोसिना पुन्हा हसेल. जीन म्हणजे भाषा नव्हे, आणि एका थडग्यातली माणसं म्हणजे एक राष्ट्र नव्हे. हा कागद शेवटून तिसरा लावलाय, डीएनएच्या लगेच मागे. लावणाऱ्याला दाद द्यावी अशी ती जागा आहे.

शेवटचे दोन कागद सप्टेंबर २०१९ चे. एक हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीचा, डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पुढाकाराचा. ६१ नमुन्यांतून एकाच बाईच्या हाडातून कामाचा डीएनए मिळाला आणि तिच्यात स्टेपचा अंश नव्हता. दुसऱ्यात ५२३ प्राचीन माणसांचा डीएनए अभ्यासून म्हटलंय की स्टेपचा वारसा दक्षिण आशियात इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान आला. शिंदे या दुसऱ्याचेही सहलेखक आहेत. मी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचले. मला त्यांत विरोध दिसत नाही. हडप्पाकाळातल्या बाईत जे नव्हतं ते नंतर आलं.

आणि त्याच दुसऱ्या निबंधात, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या थडग्यांबद्दल लिहिताना, माझ्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं उत्तर होतं. तिथल्या लोकांत स्टेपचा वारसा बऱ्यापैकी आहे, पण वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात अगदी कमी. म्हणजे तिथे तो मुख्यतः बायकांमार्फत मिसळला. आजच्या भारतात चित्र उलटं, पुरुषांकडून जास्त आलेलं. एका बाणात हे मावतच नाही.

वही हे या सेवेचं खरं वैभव, ती कधी बंद करू नका. हर्णैच्या एका वाचकाने लिहिलंय की या सगळ्या पुस्तकांतले बाण जमिनीवरूनच चालतात, आमचे वाडवडील तर होडीने आले. उत्तर प्रदेशात सिनौलीला २०१८ मध्ये सापडलेल्या भरीव चाकांच्या गाडीवरून दोघांत चार पानं वाद झालाय, रथ की बैलगाडी. एकाने रथासारखे चाकाला आरे नाहीत म्हणून बैलगाडीच असं ठासून सांगितलंय, सोबत चाकाचं सुंदर चित्र काढून.

पाचापैकी चार. पाचवा गिंबुटास आल्यावर देईन. पावसात पेटी मागवलीत तर ताडपत्रीत बांधून द्या असं आधी सांगा, माझ्याकडे वहीची खालची पानं ओल धरून आली होती.

पेटी पुढे जायच्या आदल्या रात्री मी त्या मुलीचा नंबर शोधून फोन केला. आता ती चिपळूणला असते, तिला दोन मुलं आहेत. प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. मी स्वातचं सगळं सांगितलं. ती गप्प राहून ऐकत होती, मग म्हणाली, “बाई, मग त्या घरात पोरांशी कुठल्या भाषेत बोलायच्या?”

वहीत मी सालाखाली तिचा तेवढा प्रश्नच लिहिलाय.