जुनी रिपेअर मॅन्युअल्स: ठेवायची, की स्कॅन करून काढून टाकायची?

गाडी कधीच विकली आणि तिचं जाडजूड वर्कशॉप मॅन्युअल अजून कपाटात, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही करून बघितलंय, काही पुस्तकं स्कॅन करून देऊन टाकली, काही ठेवली. पीडीएफ जागा खात नाही आणि पुस्तक खातं हे सगळ्यांना माहितीय, त्यामुळे त्यात शिरत नाही.

काढून टाका म्हणणाऱ्यांची बाजू वाटते तेवढी लेचीपेची नाहीये. पुस्तकात छापलं त्या दिवसापर्यंतचीच माहिती असते, नंतर कंपनी सर्व्हिस बुलेटिन (दुरुस्तीच्या सुधारित सूचना) काढते, एखाद्या बोल्टचा टॉर्क (तो किती जोरात आवळायचा ते) बदलते, सील सुधारून देते, ते तुमच्या पुस्तकाला कुठून कळणार. काही सल्ले तर आज सरळसरळ धोक्याचे आहेत. ब्रेक ड्रम उघडला की एअर मारून धूळ उडवा म्हणे! त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ थेट छातीत. शिवाय दमट जागेत एका पुस्तकाला बुरशी लागली की शेजारच्यांनाही लागते, हे वेगळंच.

गाडी कुठल्या काळातली यावरही बरंच आहे. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-टू, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची ठरावीक सोय, सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, डिझेलला त्यानंतर. अशा गाडीला कोड वाचणारा स्कॅनर लावला की निदान कुठल्या दिशेनं शोधायचं ते तरी कळतं. पॉइंट्स (इग्निशनचे उघडझाप करणारे संपर्क) आणि कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत तो स्कॅनर लावणार कुठे? तिथे पॉइंट गॅप ०.४ मिमी की ०.५, टायमिंगची खूण पुलीवर बघायची की फ्लायव्हीलवर, हे पुस्तक उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे मॅन्युअल तर हवंच, प्रश्न एवढाच की कागदावर की स्क्रीनवर.

आणि इथे माझं घोडं अडलं ते वायरिंग डायग्रामपाशी. बाकी सगळं मी फोनवर चालवून घेतलं असतं खरंतर. क्लच बदलायचाय, वाचलं, फोटो बघितले, फोन बाजूला ठेवला, काम केलं. पण पुस्तकाच्या शेवटी ती घडीची लांबलचक पानं असतात ना, ती स्कॅनरच्या काचेवर मावत नाहीत, मग लोक तुकड्यातुकड्यांत स्कॅन करतात आणि नेमकी घडीवरची पट्टी गायब होते. इंडिकेटरची हिरवी-लाल वायर फ्यूज बॉक्सपासून निघाली, पानाच्या कडेला पोचली, आणि पुढच्या तुकड्यात तिथून तीन रेघा सुरू होतायत, यातली आपली कुठली? त्यात स्कॅन ब्लॅक अँड व्हाइट असेल तर लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या रंगाचे. अक्षरं बघून ओळखावं तर प्रत्येक कंपनीची अक्षरं निराळी, टोयोटाकडे निळ्याला एल, जुन्या ब्रिटिश गाड्यांत निळ्याला यू, कारण बी काळ्याने अडवलेलं. आणि या अक्षरांचा तक्ता असतो भलत्याच पानावर. पुस्तकात एक बोट तक्त्यात खुपसून ठेवायचं, दुसरं रेघेवर फिरवायचं, झालं. फोनवर झूम करून रेघ पकडायची, मग तक्त्याच्या पानावर जायचं, परत येईपर्यंत झूम गेलेला असतो आणि रेघही हरवलेली, मग परत फ्यूज बॉक्सपासून सुरुवात, आणि हे सगळं डॅशबोर्डखाली उताणं पडून मान वाकडी करून. असं एकदोनदा झालं तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला.

आता कोणी म्हणेल नीट स्कॅन करा की, ३०० डीपीआय, कलर, घडीचं पान मोठ्या स्कॅनरवर. बरोबर आहे, तसं केलं तर माझी तक्रार बरीचशी संपते, आणि टॅब्लेट असेल तर आणखीच. ज्यांना तेवढा धीर आहे त्यांनी खुशाल करावं. मला आपलं असं वाटतं की तेवढी खटपट करण्यापेक्षा पुस्तक फळीवर राहिलेलं बरं. त्यात नव्या गाड्यांची छापील मॅन्युअल्स कमी होत चाललीयत, १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटच्या पुस्तकापासून मॅन्युअल्सची मालिका सुरू करणाऱ्या हेन्स या प्रकाशन कंपनीनेही २०२० मध्ये नवी वर्कशॉप मॅन्युअल्स छापणं थांबवत असल्याचं सांगितलं. जुनी प्रत एकदा गेली की तशीच परत मिळेल याची खात्री नाही.

म्हणून सरसकट सगळी ठेवा असंही नाही. ‘सर्व मॉडेल्ससाठी’ छापाची जाड पुस्तकं आधी काढा, त्यात नेमकं आपल्या इंजिनाचं पान कधीच नसतं. कंपनीचं स्वतःचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग मात्र शेवटपर्यंत धरून ठेवा, कॅटलॉगमधल्या सुट्या भागांच्या चित्रांवरून वॉशर कुठल्या बाजूनं बसतो तेसुद्धा कळतं. विकलेल्या गाडीचं पुस्तक शक्यतो गाडीबरोबरच जाऊ द्यावं. फक्त घेणारा स्वतः पाना हातात धरणारा आहे का तेवढं विचारून घ्या, नसेल तर तेच मॉडेल जपणारा दुसरा कोणी गाठा, कारण डिकीत टाकलेलं मॅन्युअल पहिल्या गळतीत स्टेपनीखाली लगदा होऊन जातं.