शांघायमधलं रोजचं सामान: गल्लीतलं शाओमाईबू की चोवीस तास उघडं दुकान?

शांघायला नोकरीसाठी येणारे आपले लोक घर बघताना मेट्रो किती लांब आहे ते पहिलं विचारतात. मी म्हणते, फाटकाबाहेर उभं राहून आधी दुकानं बघा. बहुतेक वस्त्यांमध्ये दोन प्रकार सापडतील. एक फॅमिलीमार्ट किंवा लॉसनसारखं साखळी दुकान, लख्ख उजेडाचं. दुसरं शाओमाईबू: एका खोलीएवढी जागा, पुढे शटर, गल्ल्यामागे नवरा किंवा बायको, आणि शीतपेयांच्या फ्रीजशेजारी घडीच्या टेबलावर गृहपाठ करणारं पोर. संध्याकाळी त्याच टेबलावर घरचं जेवण मांडतात. गिऱ्हाईक आलं की वाटी खाली ठेवून कुणीतरी उठतं.

शांघायमध्ये साखळी दुकानं काही कालची नाहीत. लॉसन 1996 मध्ये आलं, फॅमिलीमार्ट 2004 मध्ये. तरी नवरा-बायकोची दुकानं टिकून आहेत. तेव्हा पहिल्या दिवसापासून कुणाच्या भरवशावर राहायचं, हा खरा प्रश्न.

सुरुवात पैशांपासून, कारण नवा माणूस तिथेच अडतो. 2023 पासून अलीपे आणि वीचॅट पे या तिथल्या मोबाइल पेमेंटच्या अ‍ॅप्सना आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, आणि 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा शुल्क नाही. साखळी दुकानात मोबाइलवरचा कोड पुढे धरायचा, कॅशियर तो स्कॅन करते, संपलं. शाओमाईबूत उलटं: भिंतीवर चिकटवलेला कोड आपण स्कॅन करायचा आणि रक्कम स्वतः टाकायची. पैसे पोचले की डबीतून बाईचा आवाज रक्कम जाहीर करतो, आपल्याकडच्या साउंडबॉक्ससारखाच. मेख अशी की छोट्या दुकानातला तो कोड पुष्कळदा मालकाचा खासगी असतो, धंद्याच्या नावावर नसतो. परदेशी कार्डावरून खासगी कोडवर पैसे जातीलच असं नाही. म्हणून पाच-दहा युआनच्या नोटा खिशात ठेवाच. रोख नाकारायला तिथे कायद्याने बंदी आहे. मालक कुरकुरेल, सुटे शोधत खण उपसेल, पण घेईल.

शाकाहारी असाल तर पहिले काही आठवडे साखळी दुकानच बरं. तिथे माल ठरलेला असतो, पाकिटावरचे घटक फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करत निवांत उभं राहता येतं, कुणी टोकत नाही. अर्थात तिथेही फसगत आहे. काउंटरवर उकळत असलेल्या ओदेन या जपानी रस्सेदार पदार्थातला मुळा बघून जीव सुखावतो, पण तो रस्सा साधारणपणे माशाचा असतो. चहात मुरवलेली अंडी मात्र अंडं खाणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावीत.

शाओमाईबूच्या मांडणीवर सगळं एकमेकांच्या मांडीवर बसलेलं: सोया सॉस, व्हिनेगर, मेणबत्त्या, लाओ गान माचं मिरचीचं तिखट तेल, खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया, व्हाइट रॅबिटच्या गोळ्या. आणि पोरांच्या हाताला येतील अशा उंचीवर लातियाओ. या तिखट, तेलकट पट्ट्या गव्हाच्या पिठाच्या असतात. हुनान प्रांतातल्या पिंगच्यांग भागात वाळवलेल्या टोफूचा धंदा होता. 1998 च्या पुरानंतर सोयाबीन महागलं, आणि कारागिरांनी तोच मसाला पिठाला लावला. एकेकाळी अर्ध्या युआनला मिळणारा हा शाळेबाहेरचा खाऊ, पण त्यातली वेईलोंग ही कंपनी 2022 च्या डिसेंबरमध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदली गेली. बहुतेक लातियाओत मांस नसतं. चहाबरोबर खाऊन बघा, शेव-फरसाणाची आठवण येते, फक्त जरा चिवट.

शाओमाईबूचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. तारखा तपासाव्या लागतात. मागच्या रांगेतलं बिस्कीट कधीचं असेल सांगता येत नाही. नकली माल हाही एक प्रकार. शहराच्या कडेला किंवा खेड्यात गेलात तर 'खांग शिफू' नूडल्सच्या जागी 'खांग श्वायफू' हातात पडू शकतात. अक्षरं इतकी सारखी की चिनी माणूसही घाईत चुकतो, आपली काय कथा. आइस्क्रीमच्या पेटीवर किमती नसल्या तर आधी विचारा. 2022 च्या उन्हाळ्यात साधं दिसणारं आइस्क्रीम उचलून गल्ल्यावर भलतीच रक्कम ऐकणाऱ्या लोकांनी त्याला 'आइस्क्रीम मारेकरी' असं नावच पाडलं होतं. त्याच वर्षी 1 जुलैपासून किंमत स्पष्ट लिहिण्याचे नवे नियम लागू झाले. तरी पेटीच्या काचेवरचा कागद भिजून गळून पडतो तो पडतोच.

भावात फार फरक पडत नाही. पाण्याची साधी बाटली दोन्हीकडे 2 युआनच्या आसपास, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. फरक पडतो तो सामानाबाहेरच्या गोष्टींत. आपण ऑफिसात असताना आलेलं कुरिअर शाओमाईबूची लाओबाननियांग, म्हणजे मालकीण, ठेवून घेते. माझ्या नळाची गळती थांबवणारा माणूस तिनेच बोलावला होता, मी फक्त फोनवरचा व्हिडिओ दाखवला. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात शिरले की ती लांबूनच 'सू, सू' म्हणत मांसाचं पाकीट माझ्या हातातून काढून घ्यायची. 'सू' म्हणजे शाकाहारी. हा एक शब्द पाठ करून आलात तर अर्धं काम झालं. साखळी दुकानात कॅशियर दर पाळीला बदलते आणि तुमचं सभासद कार्ड आहे का, एवढंच रोज नव्याने विचारते.

मोबाइलवरून अर्ध्या तासात सामान आणून देणारं मेईथुआन हा तिसरा पर्याय आहेच, भाजी आणि दुधासाठी मी तोच वापरते. तूरडाळ, पोहे, हिंग यांची आशा मात्र तिघांकडेही ठेवू नका, ते ऑनलाइन मागवायचं. हिरवे मूग तेवढे सगळीकडे मिळतात.

रात्री उशिरा परतणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, चिनीचा गंध नसलेल्या माणसाने साखळी दुकानाजवळचं घर घ्यावं. रात्री दोन वाजता गरम डबा आणि उजेड या दोन्हींची किंमत तेव्हा कळते. पण कुटुंबासह वर्षभरासाठी येत असाल आणि दोन्हींपैकी एकच मिळत असेल, तर मी शाओमाईबू निवडेन. दुधाची तारीख बघायचा त्रास घेईन, पण मुलाला एकट्याने खाली पाठवता येईल असं दुकान मला हवं.

फक्त वसंतोत्सवाचं ध्यानात ठेवा. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी चिनी नवं वर्ष येतं, आणि ही दुकानं चालवणारी बरीच कुटुंबं बाहेरच्या प्रांतांतली असल्याने आठ-पंधरा दिवस गावी जातात. साखळी दुकानं तेव्हाही उघडी असतात. शाओमाईबूच्या शटरवर परतायची तारीख लिहिलेला लाल कागद लागतो. त्याचा फोटो काढून ठेवा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी आकडे कळतात.