विजापूर-बदामी-हंपीसाठी गाडी ठरवली, त्याचा अनुभव

टूरवाल्यांबरोबर जायचं नव्हतं. आईला पायऱ्या सावकाश चढायच्या असतात, मला शिलालेखांपाशी रेंगाळायचं असतं. म्हणून शाहूपुरीतून चार दिवसांसाठी गाडी ठरवली.

सगळ्यात भारी म्हणजे ड्रायव्हरमामा. विजापूरला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच गोलघुमटाला नेलं. "ताई, शाळेच्या सहली आल्या की वर नुसती आरडाओरड. आत्ताच जावा." खरंच होतं. सज्जात मी भिंतीला तोंड लावून हळूच "आई" म्हटलं आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या आईनं चटकन मान वर केली. १६५६ च्या सुमाराची ही वास्तू, आणि कुजबुज अजून पोचते!

बदामीत तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा, चालुक्य राजपुत्र मंगलेशाचा लेख आहे. तिथं मी तासभर काढला, मामांनी एकदाही फोन केला नाही. पट्टदकल उरकतं घेतलं, हंपीला मात्र दीड दिवस दिला आणि तोही कमीच पडला. विठ्ठल मंदिरासाठी निम्मा दिवस धराच.

एक गोष्ट खटकली. दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे धरतात आणि कर्नाटकाचा परमिट कर वेगळा, हे मालकांनी आधी सांगितलं नाही. हंपीत गाडी दिवसभर उभीच होती, तरी ३०० चे पैसे लागले. ठरवताना परमिट, टोल, ड्रायव्हरभत्ता सगळं कागदावर लिहून घ्या.

दिवाळीनंतर ऐहोळेला जायचंय. गाडी हीच, मामाही हेच मागणार.